सायब्या नाईकाची विलायती गादी

जीप थेट कापसाच्या गंजीपर्यंत आली. बंजाऱ्यांच्या या तांड्याला जीप काही अगदीच नवी नव्हती. निवडणुकीला एक येऊन गेली होती, हिवतापाची फवारणी करायला दुसरी. पण या जीपमधून जो उतरला तो गोरा होता, आणि इंग्रज गेल्यापासून घाटंजीच्या त्या अंगाला गोरा माणूस फिरकला नव्हता. स्वातंत्र्याला बारा वर्षं झाली होती. मधल्या मधे जिल्हा नागपूरकडून मुंबईकडे गेला होता आणि आपण नेमके कोणत्या राज्यात राहतो हे तांड्यात कुणाला छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. त्यामुळे गोऱ्याला बघून दोन-चार म्हाताऱ्यांना वाटलं, इंग्रज परत आलेले दिसतात, आपल्याला कळवायचं राहून गेलं असेल.

गोऱ्याचं नाव पार्किन. लंडनच्या कुठल्याशा वकिलाचा माणूस. त्याच्याबरोबर नागपूरचा डिसोझा होता, दुभाषा म्हणून घेतलेला. डिसोझाला इंग्रजी येत होतं, हिंदी येत होतं, आणि आपल्याला सगळंच येतं असा त्याचा समज होता. जीपजवळ सगळ्यात आधी पोचला तो देवसिंग, कारण सगळीकडे आधी पोचायची त्याला खोडच होती.

"इधर आर्थर हॅस्क्रॉफ्ट करके साहब रहता था, कपास खरीदता था, मालूम?" डिसोझानं विचारलं.

"मालूम तं. घाटंजीले बंगला होता त्याचा."

"उसका कोई बेटा था?"

"था काय, हाये," देवसिंग म्हणाला आणि त्यानं शेताकडे बोट दाखवलं. "थो पाहा, येऊन राह्यला."

शेतातून येत होता तो सेवादास, या तांड्याचा नाईक. वय पंचेचाळीस, मिशा भरघोस, डोक्याला लाल पागोटं, आणि वेचणीतून उठून आल्यामुळे कमरेच्या ओटीत अजून कापूस होता. त्याचे डोळे घारे होते. ते पाहिले आणि पार्किनसाहेबानं डोक्यावरची टोपीच काढली.

आता, देवसिंग खोटं बोलला असं म्हणता येत नाही, हीच यातली अडचण आहे. तांड्यातल्या कुणालाही विचारलं असतं तरी हेच उत्तर मिळालं असतं. सेवादासला लहानपणापासून सगळे 'सायब्या'च म्हणत आले होते. नाईक झाल्यावर मान म्हणून 'सायब्या नाईक' म्हणायला लागले.

झालं होतं असं. सेवादासच्या आधी धुरपताबाईची दोन मुलं महिना भरायच्या आत गेली. असं झालं की पुढचं मूल विकायचं, ही त्या भागातली रीत. मरणाला त्या घराची चटक लागलेली असते, तेव्हा मूल त्या घरचं नाहीच असं दाखवायचं. कुणी फकिराला विकतं, कुणी दुसऱ्या जातीच्या शेजाऱ्याला. धुरपताबाईचा नवरा खेमसिंग नाईक मोठ्या मनाचा आणि मोठ्या कल्पनांचा. त्यानं विचार केला, मरण गोऱ्या साहेबाच्या बंगल्यात शोधायला कशाला जाईल? आर्थरसाहेबाची आणि त्याची शिकारीतली दोस्ती होती. साहेब हसत हसत आला, पंचांसमोर बसला, त्यानं पोराची किंमत म्हणून धुरपताबाईच्या पदरात मूठभर कोंडा टाकला आणि तान्हं पोर मांडीवर घेतलं. गूळ वाटला. झालं, पोर साहेबाचं. दूध धुरपताबाईनंच पाजलं, न्हाऊमाखू तिनंच घातलं, पण साहेबाचं पोर सांभाळणारी म्हणून. ती झाली 'काकी'. तिनं त्याला कधी 'माझा' म्हणायचं नाही आणि त्यानं तिला 'याडी' म्हणायचं नाही. बंजाऱ्यांच्या गोरबोलीत आईला याडी म्हणतात. हा शब्द एकदा जरी तोंडातून गेला तरी मरणाच्या कानावर पडणार, आणि मग ते आपलं राहिलेलं काम उरकायला येणार.

एरवी ही गोष्ट लग्नात मिटते. हळद लागण्याआधी आईबाप घेणाऱ्याला नारळ आणि धोतर देतात आणि मुलगा परत घेतात. पण आर्थरसाहेब पहिल्या लढाईवर गेला तो बसऱ्याकडे कुठेतरी मारला गेला. परत घ्यायचं कुणाकडून? सेवादासचं लग्न तसंच झालं. खेमसिंग मेला तोही मरताना त्याच्याकडे बघून "सायबाच्या पोरा, तांडा सांभाळ" एवढंच म्हणून मेला. सेवादासनं तांडा सांभाळला. पण बाप ओठांवर आलेला शब्द गिळून मेला, हे त्याला फार लागलं होतं.

नाईकाच्या अंगणात बाजा टाकल्या. पार्किनला बाजेवर नीट बसता येईना, त्याचे गुडघे हनुवटीशी यायला लागले. डिसोझानं चौकशी सुरू केली. उत्तरं देवसिंग देत होता आणि तांड्याचा म्हातारा कारभारी देवीलाल माना डोलवत होता.

"इसकी माँ?"

देवीलालनं समोर पाहिलं. धुरपताबाई बाभळीखाली बसून कापसातला काडीकचरा निवडत होती. म्हातारा तिच्याकडे बघतच म्हणाला, "याले माय नाई जी."

बाईनंही मान हलवली. खरंच आहे, नाही.

डिसोझानं दिलगिरीचा चेहरा केला. पुढचा प्रश्न नाजूक होता, बायामाणसं जवळ होती. लग्न झालं होतं का असं तोंडावर विचारणं त्याला बरं वाटेना. "मतलब... सब रीत से हुआ था ना?" त्यानं आवाज खाली आणून विचारलं.

"रीतीनं म्हंजे? पंच बसले होते. माहा बाप होता त्याच्यात," देवसिंग म्हणाला. "गूळ वाटला. सायब सोता मांडी घालून बसला होता."

तो बोलत होता विक्रीबद्दल. डिसोझाला ऐकू आलं लग्न. त्यानं ते तसंच इंग्रजीत सांगितलं, आणि पार्किनचा चेहरा असा उजळला की देवसिंगला वाटलं आपण फारच मोठी गोष्ट बोललो.

मग पार्किन उभा राहिला आणि त्यानं हॅस्क्रॉफ्ट घराण्याचा इतिहास सांगायला घेतला. तो एक वाक्य इंग्रजीत बोले, डिसोझा त्याची तीन वाक्यं हिंदीत करी, आणि देवीलाल कारभारी ती गोरबोलीत म्हाताऱ्यांना सांगे. वाटेत त्याचं काय काय झालं असेल देव जाणे.

तीनशे वर्षांपूर्वी म्हणे इंग्लंडात राजा आणि पंचायत यांची लढाई जुंपली. राजा हरला, पळाला. ब्रॅकस्टन नावाच्या गावी कुणी एक हॅस्क्रॉफ्ट होता. त्यानं राजाला आपल्या कोठारात धान्याखाली लपवलं. पुढे राजाचे दिवस फिरले, तो गादीवर आला, आणि त्यानं हॅस्क्रॉफ्टला अर्ल केलं, म्हणजे तिकडचा मोठा सरदार. ब्रॅकस्टनचा अर्ल.

"धान्य कोणतं होतं?" एका म्हाताऱ्यानं विचारलं. त्याच्या आजोबांनी बैलांवर धान्याच्या गोण्या लादून फौजांना पुरवल्या होत्या, त्यामुळे हा प्रश्न त्याच्या दृष्टीनं महत्त्वाचा होता.

पार्किनला ते माहीत नव्हतं. म्हाताऱ्याचा त्याच्यावरचा विश्वास तिथेच निम्मा झाला.

पहिल्या अर्लनं वाडा बांधला. दुसऱ्यानं तळं खणलं. तिसऱ्यानं घोड्यांच्या नादात अर्धी जमीन घालवली. चौथा वेडा होता, पण अर्ल होता. वेडा असला तरी पद जात नाही. पाचव्याला सहा मुली झाल्या आणि मुलगा नाही, म्हणून पद चुलत घराण्यात गेलं आणि त्या सहाही जणींना वाडा सोडावा लागला.

"साहीच्या साही?" सुखीबाई, सेवादासची बायको, चुलीपाशी चहा करता करता म्हणाली. "अन् हे आपल्याले शहाने कराले आलते."

पद कसं चालतं तेही पार्किननं सांगितलं. बापाकडून थोरल्या मुलाला, तो नसला तर त्याच्या मुलाला, तोही नसला तर धाकट्या भावाला किंवा त्याच्या मुलाला. पण मुलगा हवा, आणि लग्नाचा हवा. दत्तक चालत नाही, जावई चालत नाही, मुलगी तर नाहीच नाही.

"अन् हा अर्ल करते काय? भांडनं तोडते?" देवीलालनं विचारलं.

डिसोझानं विचारून सांगितलं, "पहले तोडता था. अब नहीं."

"लग्नं जमवते?"

"नहीं."

"मंग बसते काहाले गादीवर?"

याचं उत्तर पार्किननं बरंच लांब दिलं. डिसोझानं ते ऐकून घेतलं, घाम पुसला आणि म्हणाला, "बस, अर्ल है, इसलिए अर्ल है." देवसिंगला हे ताबडतोब पटलं. त्याचं नाईकपदाबद्दलचं मत तेच होतं.

शेवटचा अर्ल आर्थरचा थोरला भाऊ. त्याची दोन्ही मुलं गेल्या लढाईत गेली, एक विमानात, एक जहाजावर. तो यंदा वारला. घराण्यात उरली एकटी बहीण, लेडी मार्गारेट, ऐंशीच्या पुढची. तिला पद मिळत नाही. मुलगा सापडला नाही तर पद कायमचं बुडणार. पण आर्थर लढाईवर जाताना तिला हसत हसत सांगून गेला होता, हिंदुस्थानात मला एक मुलगा आहे. ही चेष्टा की खरं, हे विचारायचं राहून गेलं आणि तो गेला. तेव्हापासून ती बाई या मुलाचा विचार करत बसली आहे.

"बुढी मेमसाब ने बोला है," डिसोझा सेवादासकडे वळून म्हणाला, "मेरे बेटे को बोलो, उसका कमरा तैयार है. उसमें धूप आती है. मेरे बेटे को जल्दी लाओ."

सगळे सेवादासकडे बघायला लागले. तो ओटीतला कापूस उगीच चाचपत होता. वाडा, तळं, अर्ल, यातलं त्याच्या डोक्यात काही शिरलं नव्हतं. 'मेरा बेटा' एवढे दोन शब्द मात्र शिरले होते आणि ते आत कुठेतरी जाऊन बसले. पंचेचाळीस वर्षांत असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं.

पुढच्या बाजारच्या दिवशी पार्किन परत येणार होता. तोवर जबानीचा कागद तयार होणार, सेवादास त्यावर अंगठा देणार, मग नागपूर, मुंबई आणि बोट. जीप गेली आणि तांड्यात गोंधळ माजला.

देवसिंगला एवढा आनंद का झाला होता हे दुसऱ्याच दिवशी उघड झालं. तो देवीलालकडे जाऊन म्हणाला, "सायब्या जर सायबाचा, तं खेमसिंगकाका बिनापोराचाच गेला ना जी? मंग नाईकपन कोनाकडे येते?" येणार होतं देवसिंगकडेच, तो खेमसिंगच्या भावाचा मुलगा. विलायतेचा नियम लावा नाहीतर तांड्याचा. देवीलालनं तंबाखू चोळली आणि बराच वेळ ती चोळतच राहिला. देवसिंगचं म्हणणं खोडायचं तर सेवादास खेमसिंगचा आहे असं म्हणावं लागत होतं, आणि ते म्हणण्याची कुणाची छाती नव्हती.

"मी थो शब्द नाई काढत," सेवादास कारभाऱ्याला एकटा गाठून म्हणाला. "पन खरं सांगून टाकलं तं? पार्किनले?"

"सांगन कोन?" देवीलाल म्हणाला. "परत घ्याचं तं ज्यानं घेतलं त्याच्या हातून घ्या लागते. थो तं मेला. बिना परत घेतल्याचं काकीनं सांगतलं, तं..." आणि तो थुंकायला उठला.

घरी सुखीबाईचं वेगळंच. "तुमी लॉर्ड झाले तं मी कोन?"

"लेडी म्हनतात म्हने."

"काम काय राह्यते तिले?"

"काई नसते."

"मंग दिवसभर करते काय व माय?" ती म्हणाली, आणि भाकरी थापता थापता थांबली. "मले नाई जमनार. तुमी जाऊन पाहा. पन खरं सांगा, तुमाले जाचं हाये का?"

त्याच्या डोक्याचं भजं झालं होतं. आरशासमोर उभा राहून तो स्वतःचे घारे डोळे बघायचा. काकीच्या माहेरच्या तांड्यात निम्म्या माणसांचे डोळे असेच होते, हे त्याला माहीत होतं. तरी एका दुपारी त्याच्या मनात काकीबद्दल वाईट शंका येऊन गेली, आणि मग स्वतःचीच इतकी शरम वाटली की तो जेवला नाही. लोक वाटेत थांबवून म्हणत, तिकडे गेला की आमच्या तांड्याले पक्का रस्ता करून दे बाप्पा. कुणी राम राम करताना वाजवीपेक्षा जास्त वाकत. आपण नाईक आहोत की लॉर्ड आहोत की दोन्ही नाही, हे त्याला कळेना. खरं तर त्याला यातलं काहीच नको होतं. त्याला फक्त एका माणसानं जाऊ नको म्हणायला हवं होतं.

धुरपताबाई बाभळीखाली बसून चोळीला काचा लावत होती. नजर अधू झाली होती, बोटांच्या सवयीनं काम चालायचं. तो तिच्यापुढे जाऊन बसला.

"काकी, जाऊ का मी?"

तिनं सुई थांबवली नाही. "सायबाचं लेकरू सायबाच्या घरी जाईन. त्यात मले काय पुसतं?"

"तुले काईच नाई वाटत?"

"मले कायले वाटन?" ती म्हणाली. "मी काकी."

तो उठला आणि ताडताड शेताकडे निघून गेला. दिवसभर तो एकटाच वेचत राहिला आणि त्याला भयंकर राग येत होता. कसली माणसं ही! मरणाच्या भीतीनं पोराला पोर म्हणत नाहीत. आणि तिकडे साता समुद्रांपलीकडे एक म्हातारी बाई न बघता, न ओळखता बेटा म्हणते. संध्याकाळी त्यानं सुखीबाईला सांगितलं, मी जाणार. तिनं त्याचं ठेवणीतलं धोतर काढून धुतलं आणि वाळत घातलं.

बाजारच्या दिवशी जीप आली. या वेळी पार्किननं घडीचं टेबल आणलं होतं, कारण बाजेवर कागद ठेवता येत नाही हे त्याला कळलं होतं. अंगणात सगळा तांडा जमला. देवसिंग नवं पागोटं बांधून पुढे बसला होता. डिसोझानं कागद वाचून दाखवला, की सेवादास हा आर्थर हॅस्क्रॉफ्टचा लग्नाचा मुलगा आहे, त्याची आई तो लहान असताना वारली, आणि हे सगळं तांड्याच्या पंचांना ठाऊक आहे. सेवादासनं मान हलवली. यातलं खोटं कुठलं आणि खरं कुठलं हे वेगळं काढायची ताकद आता त्याच्यात उरली नव्हती.

पण पार्किन माणूस काटेकोर होता. ज्या बाईनं मुलाला वाढवलं तिच्या तोंडून एकदा ऐकलं पाहिजे, असं त्यानं सांगितलं. धुरपताबाईला बोलावलं. ती आली ती नवा घागरा घालून, हातात फडक्यात बांधलेलं गाठोडं घेऊन. म्हातारी कमरेत वाकली होती, पण टेबलापाशी येऊन ताठ उभी राहिली.

"ये लडका किसका है?" डिसोझानं विचारलं.

"सायबाचा," ती म्हणाली. "त्याचाच हाये. घेऊन जा."

पार्किननं लिहून घेतलं. म्हातारी मात्र हलेना. "त्याले सांगा," ती डिसोझाला म्हणाली, "तिकडे थंडी लई असते म्हने. याले थंडी सोसत नाई. छातीत कफ होते. झोपला की पाय उघडे टाकते, कोनी झाकून देल्ले पाह्यजे. अन् आंबट देऊ नका. मांगतो हा, पन देऊ नका." तिनं गाठोडं टेबलावर ठेवलं. "दशम्या हायेत. तिळाची चटनी हाये. बोटीत खाईन. लाजते हा मांगाले, त्याच्या पुढ्यात ठेवा लागते. त्या बाईले सांगा, तिनं पुसत नको बसू, ठेवून देजो म्हना. अन् तिच्या घरी सुखात राहू द्या. तिकडे याले कोनी शोधाले येनार नाई."

डिसोझा हे सगळं भाषांतर करत होता आणि पार्किनला ते कुठे लिहावं हे समजत नव्हतं. देवसिंगनं सेवादासचा अंगठा शाईत बुडवला.

आणि तेव्हा सेवादासच्या डोक्यातला सगळा गोंधळ एकदम बसला. 'तिकडे याले कोनी शोधाले येनार नाई.' ही बाई त्याला घालवत नव्हती. पंचेचाळीस वर्षं जी भीती छातीवर घेऊन ती झोपली, तिच्यातून ती त्याला सोडवत होती. तो जगावा म्हणून तिनं त्याला एकदा विकला होता आणि तो जगावा म्हणूनच आता ती त्याला कायमचा देऊन टाकत होती, आणि तो तिच्यावर रागावून बसला होता. अंगठा कागदावर टेकायचा तो त्यानं धोतराला पुसला.

"याडी," तो म्हणाला.

मोठ्यानं नाही म्हणाला. पण गंजीवर बसलेल्या पोरांनीही ते ऐकलं.

धुरपताबाईनं किंकाळी फोडली. दोन ढांगांत ती टेबलाला वळसा घालून आली आणि तिनं आपला पंजा त्याच्या तोंडावर दाबला. दुसऱ्या हातानं त्याची मान धरून तिनं त्याचं डोकं, पागोट्यासकट, मिशांसकट, छातीशी ओढलं, त्यावर ओढणी टाकली, त्याला जेवढं झाकता येईल तेवढं झाकलं, आणि वर आभाळाकडे तोंड करून ओरडायला लागली.

"मार छेनी! मार छेनी! सायबेरो छ!"

डिसोझाला गोरबोली येत नव्हती. "क्या बोलती है?" त्यानं घाबरून विचारलं.

देवीलाल कारभाऱ्याचे डोळे वाहत होते. "म्हनते, माहा नोहे," तो म्हणाला. "सायबाचा हाये म्हनते."

डिसोझानं शब्दाला शब्द लावून ते इंग्रजीत सांगितलं. पार्किननं लिहायला लेखणी उचलली, कागदावर टेकवली, आणि वर त्या दोघांकडे पाहिलं. मग त्यानं लेखणीला टोपण लावलं आणि कागदाची घडी केली. देवसिंग काहीतरी बोलायला उठला होता, तो ते पाहून पुन्हा खाली बसला.

तीनशे वर्षं चाललेलं ब्रॅकस्टनचं अर्लपद त्या दुपारी घाटंजीच्या बाजूला, कापसाच्या गंजीशेजारी बुडालं. हॅस्क्रॉफ्ट घराण्यात एक म्हातारी बाई आता आणखी एकटी झाली, याचं वाईट नंतर सेवादासला फार वाटलं. पण ते नंतर. त्या वेळी त्याला काही दिसत नव्हतं, श्वासही धड घेता येत नव्हता, आणि धुरपताबाई माझा नाही, माझा नाही असं आभाळाला ओरडून सांगत होती आणि त्याला सोडत नव्हती.